घोड्याचा पाय आणि न दिसणारा उजेड



घोड्याच्या आजारासंबंधी बोलावयास आम्ही उभे राहिलो, हे पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे आयुष्य गेले कारखान्याच्या फाटकाशी, कामगार संघटनेच्या कामात. घोड्यावर बसण्याचा प्रसंग आला तो एकदाच, लग्नात. आणि घोडेवाल्याने लगाम धरला होता म्हणूनच तो निभावला. परंतु ज्या उपकरणाविषयी आज सांगावयाचे आहे, ते आम्ही प्रथम पाहिले ते कारखान्यातच. त्याच्या मागोमाग जाता जाता आम्ही घोड्यापर्यंत पोचलो. तेव्हा सुरुवात तेथूनच करणे बरे.

एका कारखान्यात विजेची पॅनेले तपासण्यासाठी बाहेरून एक तंत्रज्ञ आला होता. त्याच्या हातात पिस्तुलासारखी मूठ असलेला कॅमेरा होता. पॅनेलाचे झाकण काढून त्याने तो लांबूनच रोखला. पडद्यावर सगळे चित्र निळे-जांभळे, आणि मध्येच एक ठिपका पिवळाधमक. "येथला नट ढिला आहे," तो म्हणाला. वीज बंद करून पाहिले, तो नट खरोखरीच ढिला होता. जोड ढिला झाला की विजेला अडथळा होतो, आणि अडथळ्याच्या जागी उष्णता निर्माण होते. ती डोळ्यांना दिसत नव्हती, कॅमेऱ्याला दिसली. आमच्यातला एक जुना फिटर म्हणाला, "ह्यात विशेष ते काय? बेअरिंग जाणार की नाही, हे आम्ही हात लावून सांगतो." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तंत्रज्ञ हसला आणि म्हणाला, "खरे आहे, पण परदेशात घोड्यांचे डॉक्टरही हाच कॅमेरा वापरतात, आणि ते हात लावणे सोडत नाहीत." हे वाक्य आमच्या डोक्यात राहिले. ग्रंथालयात जाऊन, मिळेल ते वाचून आणि जाणत्यांना विचारून जे कळले, ते आज आपणांपुढे मांडतो.

प्रथम हा न दिसणारा उजेड म्हणजे काय, ते पाहू. त्याचा शोध लावणारा विल्यम हर्शेल हा मूळचा वादक. १७३८ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर येथे तो जन्मला, इंग्लंडात जाऊन चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला, आणि स्वतःच्या अभ्यासाने खगोलशास्त्रज्ञ झाला. १७८१ मध्ये युरेनस हा ग्रह त्यानेच शोधला. शाळेबाहेर शिकलेल्या आमच्यासारख्यांना ह्या गृहस्थाविषयी थोडा अधिक जिव्हाळा वाटतो, हे आम्ही लपवीत नाही. १८०० मध्ये हर्शेलने सूर्याचा किरण लोलकातून नेऊन त्याचे सात रंग टेबलावर पाडले, आणि कोणत्या रंगात किती ऊब आहे हे पाहण्यासाठी प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावे तसा पारा अधिकाधिक चढे. मग त्याने तापमापक तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते अशा जागी ठेवला; तेथे पारा सर्वांत वर गेला. म्हणजे तांबड्याच्या पलीकडेही प्रकाश आहे. आपले डोळे मात्र त्याच्यापुढे आंधळे आहेत. ह्यालाच आपण अवरक्त किरण म्हणतो.

हे किरण सूर्यच तेवढा टाकतो असे नाही. जगातील प्रत्येक वस्तू, ही भिंत, हे टेबल, आपण सर्व मंडळी, आपापल्या उष्णतेप्रमाणे हे किरण सतत बाहेर टाकीत असतो. वस्तू जितकी तापलेली, तितके किरण अधिक. माणसाच्या किंवा घोड्याच्या कातडीतून निघणाऱ्या ह्या किरणांची लांबी साधारण एक सहस्रांश मिलिमीटरच्या नऊ-दहा पट असते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लांबी एक सहस्रांश मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणून अंधाऱ्या तबेल्यात घोडा आपल्याला दिसत नाही, जरी तो त्याच्या परीने उजळलेलाच असतो.

थर्मल कॅमेरा हा उजेड टिपतो. साधी काच ह्या किरणांना अडवते, म्हणून त्याचे भिंग बहुधा जर्मेनियम ह्या मूलद्रव्याचे असते. भिंगाच्या मागे, ज्यांचा आकार डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान, अशा हजारो संवेदकांची जाळी असते. आडवे ३२० आणि उभे २४० अशी जाळी धरली, तर एका चित्रात ७६,८०० ठिकाणची उष्णता एकदम मोजली जाते. चांगल्या कॅमेऱ्याला दोन जागांतील अंशाच्या विसाव्या भागाएवढा फरकही कळतो. चित्रातील तांबडा, पिवळा, निळा हे रंग मात्र खरे नव्हेत. नकाशात डोंगराला तपकिरी आणि समुद्राला निळा रंग द्यावा, त्याप्रमाणे यंत्राने उष्ण-थंड समजण्यासाठी दिलेले ते रंग आहेत. हे ध्यानात ठेवणे जरूर आहे, कारण तांबडा डाग पाहिला की "रोग सापडला" असे म्हणण्याचा मोह फार होतो.

आता ह्या उष्णतेचा आजाराशी संबंध काय? शरीराच्या एखाद्या भागाला इजा झाली की तेथे रक्ताची धाव वाढते. दुरुस्तीचे सामान घेऊन रक्तच तेथे जावयाचे असते. रक्त आपल्याबरोबर शरीराच्या गाभ्यातील ऊब आणते. रोमन लेखक सेल्सस ह्याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दाहाची चार लक्षणे सांगून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आजही वैद्यकाच्या पुस्तकात हीच चार प्रथम येतात.

ही चार लक्षणे घोड्याच्या बाबतीत एकेक करून तपासा, म्हणजे आमचा मुद्दा आपल्या ध्यानात येईल. लाली दिसत नाही, कारण कातडी केसांनी झाकलेली आणि बहुधा काळी. सूज येते, पण उशिरा येते. वेदना असते, पण घोडा हा मूळचा गवत खाणारा, वाघ-लांडग्यांना भिऊन कळपात राहणारा प्राणी. जो लंगडला तो मागे राहिला, आणि मागे राहिला तो संपला, हा त्याच्या पूर्वजांचा अनुभव. म्हणून दुखणे अंगावर काढण्याची त्याला जातीचीच सवय. तो कुत्र्यासारखा विव्हळत नाही. तो लंगडू लागतो तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. चारांपैकी राहिली उष्णता. ती लपवणे घोड्याच्या हाती नाही. ज्याला बोलता येत नाही आणि जो बोलू इच्छितही नाही, त्याची ही एकच साक्ष लवकर मिळते. थर्मल कॅमेऱ्याचे सारे महत्त्व ह्या एका गोष्टीत आहे.

ह्याचे सर्वांत चांगले उदाहरण घोड्याच्या पुढच्या पायाचे. घोड्याचे वजन साडेचारशे-पाचशे किलो असते आणि त्यातले सुमारे साठ टक्के पुढच्या दोन पायांवर येते. गुडघ्याखाली त्याच्या पायात मांस असे जवळजवळ नसतेच. हाड, त्यामागून गेलेल्या दोरखंडासारख्या कंडरा, आणि वर कातडी. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा बळकट पट्टा. आपल्या टाचेमागे हाताला लागते तीही कंडराच. चौखूर उधळलेल्या घोड्याच्या एका पायावर एका क्षणी त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. त्या वेळी मागची कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि पुन्हा आखडते. ह्या ताणण्या-आखडण्यातच घोड्याच्या वेगाचे रहस्य आहे. परंतु प्रत्येक ताणात थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. धावत्या घोड्याच्या ह्या कंडरेच्या गाभ्यात तपमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते, असे इंग्लंडमधील विल्सन आणि गुडशिप ह्यांनी १९९४ मध्ये मोजून दाखवले. निरोगी घोड्याच्या शरीराचे तपमान साडेसदतीस ते साडेअडतीस अंश असते, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती मोठा ते कळेल.

अशा ताणाने कंडरेतले बारीक तंतू आधी थोडेथोडे तुटतात. घोडा त्या वेळी लंगडत नाही. मालक म्हणतो, जनावर ठीक आहे. स्वार म्हणतो, आज जरा जड वाटले. मग एके दिवशी तुटके तंतू वाढत वाढत कंडराच फाटते. फाटलेली कंडरा भरून येण्यास नऊ महिने ते वर्ष लागते. भरते तीही नव्या तंतूंनी नव्हे, तर व्रणाच्या कठीण तंतूंनी; त्यामुळे तीच जागा पुन्हा जाण्याची भीती राहते. पहिले तंतू तुटल्यापासून घोडा लंगडेपर्यंतचे हे जे दिवस, ते वाया जाऊ नयेत, एवढ्याचसाठी ही सगळी खटपट.

१९५६ मध्ये कॅनडातील रे लॉसन ह्या डॉक्टरने स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगावरची कातडी अधिक उष्ण असते असे दाखवून दिले, आणि उष्णताचित्रण माणसाच्या वैद्यकात आले. पुढे १९७० च्या सुमारास स्वीडनमध्ये स्ट्रॉमबर्ग ह्या पशुवैद्याने शर्यतीच्या घोड्यांच्या पायांची अशी चित्रे घेतली. पायात उष्ण डाग दिसतो, आणि घोडा लंगडण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी तो दिसू शकतो, असे अशा अभ्यासांतून पुढे आले. १९८० मध्ये अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठात पुरोहित आणि मॅककॉय ह्यांनी घोड्यांच्या शरीरातील दाह ह्या पद्धतीने कसा ओळखावा ह्याची पद्धतशीर मांडणी केली. त्या काळचे कॅमेरे अवजड होते. आतला संवेदक थंड ठेवण्यासाठी द्रवरूप नायट्रोजन ओतावा लागे. तबेल्यात ते नेणे म्हणजे एक वरातच. १९९० नंतर थंड न करता चालणारे संवेदक सर्वांच्या हाती आले, आणि आज मोबाइल फोनला जोडता येणारे लहान कॅमेरेही बाजारात आहेत.

चित्र घ्यावयाचे कसे, हेही सांगावयास हवे. कारण चुकीच्या वेळी घेतलेले चित्र नसल्यापेक्षा वाईट. घोडा आधी उन्हातून आणि वाऱ्यातून आत, सावलीत आणावयाचा. पायाला पट्ट्या असतील तर त्या सोडून बराच वेळ जाऊ द्यावयाचा. पट्टीखालची ऊब रोगासारखी दिसते. अंग कोरडे आणि चिखल झाडलेले हवे. ओला पाय थंड दिसतो, आणि चिखलाचा थर खरी कातडी झाकतो. चोळण्याचे तेल वा मलम लावलेले असेल तर त्या दिवशी चित्र घेऊच नये. नुकताच खरारा केला असेल तर घर्षणाची ऊब असते. घोडा खोलीच्या हवेशी जुळावा म्हणून त्याला निदान पंधरा-वीस मिनिटे, आणि थंडीतून आला असेल तर त्याहूनही अधिक, स्वस्थ उभा करावयाचा. मग पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी, सारख्याच अंतरावरून चित्रे घ्यावयाची.

चित्र वाचण्याची किल्ली एकच: डावे आणि उजवे ह्यांची तुलना. निरोगी घोड्याचे दोन्ही पाय उष्णतेच्या बाबतीत जवळजवळ सारखे असतात. पायात जेथे मोठी रक्तवाहिनी कातडीजवळून जाते तेथे उबेची रेघ असते, आणि खुराच्या वरची कड सर्वांत उबदार असते; हे सर्व घोड्यांचे. परंतु दोन पायांच्या त्याच जागेत एक अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक फरक पडला, तर पशुवैद्य थबकतो. आपल्या हातालाही उष्णता कळते, पण साधारण दोन अंशांचा फरक असल्याशिवाय हाताची खात्री पटत नाही. फिटरचा हात आणि कॅमेरा ह्यांच्यात अंतर आहे ते एवढेच. पण ह्याच एका अंशात दोन आठवडे दडलेले असतात.

कंडरेखेरीज आणखी दोन ठिकाणी हे चित्र फार उपयोगी पडते. एक म्हणजे खूर. खुराच्या कठीण कवचाच्या आत नाजूक पदर असतात आणि त्यांनीच आतले हाड कवचाला धरून ठेवलेले असते. ह्या पदरांना दाह झाला, ज्याला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात, तर सूज यावयास जागाच नसते. नखाखाली रक्त साकळले की आपल्याला जे होते, त्याच्या शंभरपट. धान्य प्रमाणाबाहेर खाल्ल्यानेही हा रोग होतो. अशा वेळी एरवी खुराच्या वरच्या कडेपुरती असणारी ऊब सगळ्या खुरावर पसरलेली दिसते. लवकर कळले तर खूर बर्फाच्या पाण्यात ठेवून नुकसान पुष्कळ कमी करता येते. उशिरा कळले तर आतले हाड कलते आणि घोडा कामातून जातो. अर्थात निरोगी घोड्याचे खूरही दिवसातून कधी गार कधी गरम होतात. म्हणून एका चित्रावर विसंबू नये. दुसरे ठिकाण पाठ. काम झाल्यावर खोगीर उतरवताच पाठीचे चित्र घेतले तर ते कोठे बोचते ते स्वच्छ दिसते. दोन्ही बाजूंना ऊब सारखी पसरली असेल तर खोगीर बरोबर बसले. एकाच बाजूस तापलेला डाग असेल तर तेथे उद्या चट्टा पडणार. येथे उपाय औषधाचा नसून खोगीर करणाऱ्या कारागिराचा.

आता यंत्राच्या उणिवा सांगतो, नाही तर आम्ही विक्रेत्यासारखे बोललो असे होईल. कॅमेरा कातडीच्या आत पाहत नाही. क्ष-किरण हाड दाखवतात, ध्वनिलहरींचे यंत्र कंडरेतले तंतू दाखवते. हा कॅमेरा फक्त वरची ऊब दाखवतो. मांड्यांच्या जाड मांसाखाली खोल दुखणे असेल तर त्याला पत्ता लागत नाही. उष्ण डाग दिसला तर ती कंडरा, की किडा चावला, की लाथ लागली, हे तो सांगत नाही. उलट एखादा भाग अधिक थंड दिसला तर तेही लक्षण असू शकते: रक्त पोचत नाही, किंवा मज्जातंतूला इजा आहे. थोडक्यात, कॅमेरा प्रश्न विचारतो. उत्तर पशुवैद्याने हात लावून, घोडा चालवून आणि दुसरी यंत्रे वापरून द्यावयाचे असते. आपल्याकडे शालिहोत्र हे नाव ज्या अश्वविद्येला मिळाले, तिच्यापासून आजपर्यंत हाताला रजा मिळालेली नाही, आणि मिळूही नये.

एक गोष्ट मात्र अशी आहे, जेथे हा कॅमेरा वैद्य नसून साक्षीदार होतो. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग नावाची घोड्यांची जात आहे. तिने प्रदर्शनात पाय फार उंच उचलावे म्हणून काही लोक तिच्या खुरांच्या वरच्या भागाला दाहक रसायने चोळीत. पाय टेकला की आग होते, म्हणून घोडा तो झटक्याने उचलतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ह्याविरुद्ध तेथे १९७० मध्ये कायदा झाला, आणि तपासनीसांच्या हाती पुढे थर्मल कॅमेरा आला. असाच प्रकार अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांच्या बाबतीत. मिरचीला तिखटपणा देणारे जे द्रव्य, कॅप्सेसिन, ते पायाला चोळले की अडथळ्याची काठी लागताच घोड्याला असह्य झोंबते, आणि पुढच्या वेळी तो जीव खाऊन उंच उडी मारतो. २००८ च्या ऑलिंपिकमधील घोडेस्वारीचे सामने हाँगकाँगला झाले, तेव्हा चार घोड्यांच्या तपासणीत हे द्रव्य सापडून त्यांना बाद करण्यात आले. ती तपासणी रासायनिक होती. परंतु पायाची अस्वाभाविक संवेदना शोधण्यासाठी आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या पद्धतीत आज हाताची तपासणी आणि उष्णतेचे चित्र ही दोन्ही आहेत.

ही झाली बड्या मैदानांची गोष्ट. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याला शर्यती होतात. तेथे लाखोंचा घोडा असतो, आणि लाखोंच्या मालाची काळजी कोणीही घेतो. परंतु आपल्याच महाराष्ट्रात माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात, आणि तेथून पुढे प्रवाशाला पाठीवर घेऊन तांबड्या मातीच्या वाटांनी जाणारा घोडा हेच एका कुटुंबाचे सगळे भांडवल असते. ह्या घोड्याच्या पायातली ऊब कोणी पाहावयाची?

येथे कायद्याचा एक दाखला द्यावासा वाटतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा केंद्राचा कायदा १९६० चा. आजारी वा जखमी, काम करण्यास असमर्थ जनावराला कामाला जुंपणे हा त्याप्रमाणे गुन्हा आहे. त्याखाली १९६५ मध्ये ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी नियम झाले. जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक घेऊ नये, असे ते नियम सांगतात. हे आकडे वाचून आम्ही चमकलो. नऊ तास आणि पाच तास! १९४८ च्या कारखाना कायद्याने माणसासाठी हेच दोन आकडे घातले होते. ते मिळवण्यासाठी कामगारांच्या पिढ्या झगडल्या. घोड्याला संघटना नाही, संप नाही, फाटकावरची सभा नाही. त्याच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट त्याच्यापाशी आहे, ती म्हणजे त्याच्या पायातली ऊब.

पण ती ऊब दिसल्यावर पुढे काय? सगळ्या विषयाची मेख येथे आहे. कॅमेरा म्हणतो, डाव्या पुढच्या पायात एक अंशाचा फरक आहे. पशुवैद्य म्हणतो, चार आठवडे विश्रांती. घोडेवाला म्हणतो, साहेब, हंगाम हाच आहे. घोडा उभा राहिला तरी चारा खातोच, आणि घरात पोरेही खातात. त्याला क्रूर म्हणणे सोपे आहे. ज्याला आजारपणाची भरपगारी रजा नाही असा माणूस स्वतःचा ताप अंगावर काढून कामाला जातो, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो. तो घोड्याला रजा कोठून देणार? २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांच्या हालांचा प्रश्न खराच होता. पण त्याच दिवशी गाडीवानांच्या चुलीचाही प्रश्न उभा राहिला. जनावराचा कैवार आणि माणसाचा कैवार ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

म्हणून आमचे म्हणणे असे की, जेथे घोडे कामावर आहेत तेथे त्यांच्या मालकांनी एकत्र येऊन एक निधी करावा. रोजच्या फेरीतून थोडे पैसे त्यात पडावेत, आणि पशुवैद्याने ज्या घोड्याला विश्रांती सांगितली त्याच्या मालकाला तेवढ्या दिवसांचा निम्मा-पाऊण रोज त्यातून मिळावा. त्याच निधीतून एक कॅमेरा आणि महिन्यातून एकदा पशुवैद्याची फेरी, एवढे होण्यासारखे आहे. पर्यटकानेही चार रुपये अधिक देताना कुरकुर करू नये. दोन आठवडे आधी मिळालेली सूचना ही ज्याला थांबणे परवडते त्यालाच उपयोगी. ज्याला परवडत नाही त्याच्या बाबतीत ती केवळ मनाला टोचणी.

कॅमेरा येईपर्यंत स्वस्थ बसावे असेही नाही. ज्यांच्या घरी घोडा आहे त्यांनी रोज सकाळी, कामाला नेण्यापूर्वी, हाताच्या मागच्या बाजूने चारी पाय वरून खाली चाचपावेत, डावा-उजवा अशी जोडी करून. खुराच्या थोडे वर, मागच्या दोन्ही कडांना नाडी लागते. ती एरवी मंद असते. एके दिवशी ती बोटाखाली ठणठण उडू लागली, तर त्या खुरात काही तरी आहे असे समजावे. साधा तापमापक जवळ ठेवावा, आणि आपल्या घोड्याचा नेहमीचा आकडा ठाऊक असावा. जे आढळले ते वहीत टिपावे. महिन्याभराची वही वैद्याला जे सांगेल ते मालकाच्या आठवणीला सांगता येणार नाही. ह्याला पैसा लागत नाही. रोजची पाच मिनिटे लागतात.

तो जुना फिटर आता निवृत्त झाला. मागे भेटला तेव्हा आम्ही त्याला घोड्यांची ही हकीकत सांगितली. तो सगळे ऐकून म्हणाला, "बेअरिंग गरम आहे हे आम्ही कितीदा तरी वर सांगितले. मशीन थांबवायचे की नाही, हे आमच्या हातात कधी नव्हते." ह्यापुढे आम्हांला अधिक सांगावयाचे नाही.